फुलांसाठी थंड ठेवलेलं घर

वेंडेल हाउगेनच्या घरी हिवाळ्यात जायचं असेल तर कोट काढायचा नाही, हे आमच्या टेकडीवरच्या शेंबड्या पोरांनाही ठाऊक होतं. उत्तरेच्या थंडीतल्या, सरोवराकाठच्या आमच्या डुलूथमधल्या बाकी सगळ्या घरांत दारातच बूट काढायचे, कोट खुंटीला अडकवायचा, "यंदा बर्फ जरा जास्तच" एवढं म्हणायचं आणि आत शिरायचं, अशी रीत. वेंडेलकडे बूट तेवढे काढायचे. कोट अंगावरच ठेवून, मोज्यांतली बोटं आखडत दिवाणखान्यात बसायचं आणि समोरची ऑर्किडं बघायची. बाहेर सरोवर गोठून पांढरंफटक पडलेलं, आणि आत खिडकीखिडकीत जांभळी, पिवळी, ठिपक्यांची, पट्ट्यापट्ट्यांची फुलं लांब दांड्यांवर ओळीनं बसलेली. दृश्य फार सुंदर असे. फक्त ते बघताना नाक गळत असे.

ह्या सगळ्याची सुरुवात झाली ती एका काटकसरी माणसाला एक कुंडी फेकवेना म्हणून.

वेंडेल बंदरात, खनिजाच्या धक्क्यावर नोकरीला होता. खाणींकडून आगगाडीनं येणारं लोहखनिज थंडीत वाघिणींमध्ये गोठून एकसंध दगड होतं. त्यात वाफेच्या नळ्या खुपसायच्या आणि ते सुटं होईपर्यंत वाफ सोडत राहायची, हे त्याचं काम. आयुष्यभर गोठलेलं मोकळं करण्याचा पगार घेतलेला हा माणूस पुढे स्वतःचं घर गोठवत बसेल असं कुणी सांगितलं असतं तर आम्ही हसलो असतो. निवृत्त झाल्यावर तो वाकडे खिळे ठोकून सरळ करी, पावाच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घाली, आणि दुपारी खिडकीशी बसून जहाजं मोजी. बायको मार्लिस शाळेच्या स्वयंपाकघरात होती. तीही त्याच सुमारास घरी बसली. बडबडी, हसरी, आणि वेंडेलच्या पिशव्यांवरून त्याची चारचौघांत फिरकी घेणारी. "आमच्याकडे पाहुणे येतात आणि दोरीवर पाव वाळत घातलाय का विचारतात," असं ती सांगे, आणि वेंडेल कानाच्या पाळ्या लाल करून खूश होई.

एका ईस्टरला त्यांची मुलगी कर्स्टन सुपरमार्केटातून एक ऑर्किड घेऊन आली. गुलाबी, चंदेरी कागदात गुंडाळलेलं. दोनअडीच महिने ते फुललेलं राहिलं आणि मग एकेक फूल गळून नुसत्या दोन काटक्या आणि चामड्यासारखी पाच पानं उरली. आमच्याकडे ह्या घडीला सगळे जे करतात तेच मार्लिसनं केलं. कुंडी कागदासकट उचलली आणि कचऱ्याच्या डब्याकडे निघाली.

वेंडेल आडवा आला. अजून जिवंत आहे ते, म्हणाला.

"मग तूच बघ त्याचं," मार्लिस म्हणाली.

आपल्या तोंडून आयुष्यात गेलेलं सगळ्यात महागडं वाक्य ते, असं तिनं मला, तिच्या शेजाऱ्याला, पुढे सांगितलं.

वेंडेलला झाडांतलं काही कळत नव्हतं. तो ऑर्किड मंडळात गेला. हे मंडळ आमच्या चर्चच्या तळघरात महिन्यातून एकदा भरतं, आणि आर्डिस टोलेफसन ते चालवते. आर्डिस शाळेत भूमिती शिकवायची, आणि ऑर्किडांबद्दल ती अजूनही मागच्या बाकावरच्या पोरांबद्दल बोलावं तशी बोलते. तिनं वेंडेलची कुंडी उपडी केली, कुजलेली मुळं कात्रीनं कापली, उरलेलं झाड सालीच्या तुकड्यांत बसवलं आणि सांगितलं की लाड करायचे नाहीत. पाणी आठवड्यातून एकदा, तेही पूर्ण निथळून जाऊ द्यायचं. पूर्वेचं कोवळं ऊन. आणि फुलं परत हवी असतील तर शरद ऋतूत रात्रीचा गारठा. "गारठा लागला की त्याला वाटतं, आता आपलं काही खरं नाही," आर्डिस म्हणाली, "मग घाबरून फुलतं."

वेंडेलनं सप्टेंबरात रात्रीची खिडकी बोटभर उघडी ठेवायला सुरुवात केली. थोड्या आठवड्यांनी एका पानाच्या बगलेतून हिरवं टोक डोकावलं. ते मूळ की फुलाचा दांडा, ह्यावर त्या घरात जेवढी चर्चा झाली तेवढी कर्स्टनच्या नवऱ्याबद्दलही झाली नव्हती. मूळ असलं तर टोक गुळगुळीत आणि गोल असतं. दांडा असला तर हातमोज्यातला अंगठा वेगळा दिसावा तसं दिसतं. मार्लिस भरतकामाचं भिंग घेऊन सकाळ-संध्याकाळ बघे आणि आम्हाला फोनवर बातम्या देई. दांडाच निघाला. फेब्रुवारीत त्याच्यावर सात फुलं आली. ती कुंडी मांडीवर घेऊन मार्लिस चर्चला गेली आणि भेटेल त्याला म्हणाली, हे आमच्या वेंडेलनं केलं. वेंडेल मागे टोपी हातात फिरवत उभा. त्या दोघांना त्या दिवशी बघितलेल्या कुणालाही त्या ऑर्किडाचा राग करता येणार नाही.

पण गावात बातमी पसरली. आमच्याकडे मदर्स डेला ऑर्किड द्यायची पद्धत आहे, आणि उन्हाळा संपेपर्यंत त्या सगळ्यांच्या काटक्या होतात. पूर्वी त्या कचऱ्यात जायच्या. आता त्या वेंडेलच्या मागच्या ओसरीवर येऊ लागल्या. मांजरीची पिल्लं टोपलीत घालून कुणाच्या दारात ठेवावीत आणि पळून जावं तशी माणसं अंधार पडता पडता कुंड्या ठेवून पळून जात. वेंडेल त्यांची मुळं कापी, साल बदली, आणि वर्षा-दोन वर्षांत त्या फुलवी. मग मालकाला बोलावून न्या म्हणे. मालक म्हणे, छे, तुझ्याकडेच बरं आहे त्याचं.

घरात पूर्वेची म्हणावी अशी एकच मोठी खिडकी होती. ती त्यांच्या झोपायच्या खोलीत. सरोवरावरून उगवणारा सूर्य थेट पलंगावर येई. पहिली कुंडी तिथे गेली, मग तिच्या मागे दहा. मग ती खिडकी भरली आणि कुंड्या बाकीच्या घरात पसरल्या. आणि कुंड्या पसरल्या तसा गारठाही पसरला, कारण एकच खोली थंड ठेवून आता भागेना. वेंडेलनं घराची ऊब ठरवणारा थर्मोस्टॅट रात्रीपुरता अठ्ठावनवर आणला. हे अठ्ठावन आमच्या मापातले, ज्या मापात पाणी बत्तीसला गोठतं. सोपं करून सांगायचं तर सकाळी लोणी पावावर पसरत नाही, पाव फाटतो, एवढी थंडी.

पहिल्या वर्षी हे ऑक्टोबरातल्या तीनेक आठवड्यांचं प्रकरण होतं. पुढच्या वर्षी कुणीतरी दुसऱ्या जातीची ऑर्किडं आणून टाकली, त्यांना नाताळपर्यंत गारठा लागे. मग आणखी एक जात आली, ती म्हणे हिवाळाभर थंड आणि कोरडी लागते. पाहुणे म्हणून आलेल्या आठवड्यांनी असा हळूहळू मुक्काम ठोकला, आणि वेंडेलच्या घरात सप्टेंबरच्या सुरुवातीला जी थंडी शिरे ती ईस्टर उलटल्यावर निघे. दिवसा चार अंश वाढवायचे असत, पण दिवसा वेंडेल कामात असे आणि विसरे.

मार्लिस कुरकुरली नाही. तिच्या बोटांचे सांधे सुजलेले असत. शाळेच्या थंडगार कोठीत वर्षानुवर्षं बटाटे उपसून झालेलं दुखणं ते. ती रात्री लोकरी टोपी घालून झोपू लागली. घरात वेंडेलच्या जुन्या, बर्फावरची मोटारसायकल चालवायच्या पोशाखात वावरू लागली, आणि आपण चंद्रावर चाललोय असं दारात आलेल्यांना सांगू लागली. आम्ही हसलो. त्याच वर्षी तिनं लिंबाच्या वड्या भाजायचा सपाटा लावला. वड्या, पाव, दालचिनीचे रोल, सोमवारी, बुधवारी, शनिवारी. सगळी टेकडी गोड खाऊन सुस्तावली. मार्लिसला म्हातारपणी काय हौस सुचलीये म्हणून आम्ही कौतुक करत होतो. एक अख्खा हिवाळा गेल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला, की वड्या आम्हाला मिळत होत्या, पण तिला हवी होती ती ओव्हनची झळ. दुपारी ती वाचनालयात बसे. तिला वाचायचा कंटाळा होता.

आता इथं कुणी विचारेल, मग ती बोलली का नाही. ह्याचं उत्तर आमच्या गावात जन्मलेल्याला कुणी विचारत नाही. नॉर्वेहून आमच्या पणजोबांनी बटाट्याच्या पोळीबरोबर एक पद्धतही आणली. कुणी काही देऊ केलं तर आधी नको म्हणायचं. दुसऱ्यांदा आग्रह झाला तर कशाला उगाच त्रास म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की मग, बरं, अर्धा कप चालेल, असं म्हणून पूर्ण कप घ्यायचा. पहिलं नको हे नको नसतं, दुसरं तर नसतंच. ज्याला खरंच काही हवं असतं त्यानं तिसऱ्यांदा विचारलं जाण्याची वाट बघायची, आणि ज्याला खरंच द्यायचं असतं त्यानं तिसऱ्यांदा विचारायचं. स्वतःहून मागणं आमच्यात भिकाऱ्याचं लक्षण. वेंडेल ही पद्धत कोळून प्यालेला होता. दुसऱ्यांच्या घरी दोन नकारांनंतर तो तीन तीन वड्या खाई.

आणि मार्लिसला तो विचारी. नाही असं नाही. दर शरदात, थर्मोस्टॅट उतरवताना, एकदा. "थंडी नाही ना वाजत?" असा प्रश्न, म्हणजे उत्तर त्यातच घालून दिलेलं. ती म्हणे, नाही, चाललंय. आणि वेंडेल पाण्याची झारी उचली.

बारा हिवाळे असे गेले. तेराव्याच्या तोंडावर मार्लिसची बहीण व्हर्ना, जी ॲरिझोनात राहते, तिचा नवरा वारला. त्या भागात आमच्याकडचे बरेच म्हातारे हिवाळा काढायला जातात. अर्धी टेकडी तिकडे वाळवंटात चाकावरच्या घरांत राहून बिंगो खेळत असते. मार्लिसनं वेंडेलला सांगितलं की ती हिवाळाभर व्हर्नाकडे जाणार. आणि म्हणाली, तूही चल.

वेंडेल म्हणाला, नको, झाडांचं कोण बघणार.

आठवड्यानं, बॅग भरताना, ती पुन्हा म्हणाली की तिकीट अजून मिळतंय, व्हर्नाकडे जागाही आहे, चल.

वेंडेल म्हणाला, नको, तू जा, माझी कशाला अडचण.

हे दोन्ही नकार आमच्या गावच्या कुठल्याही माणसाला ऐकल्या ऐकल्या कळले असते. मला पुढे आर्डिसकडून समजलं की ह्या दोन नकारांच्या मधल्या दिवसांत वेंडेल तिच्याकडे गेला होता. थोडे दिवस माझ्या झाडांना पाणी घालशील का, असं विचारायला. तिनं हो म्हटलं होतं. मागच्या दाराची किल्लीही घेऊन ठेवली होती. कर्स्टननं त्याला उन्हाळी शर्टांना इस्त्री करताना बघितलं होतं.

मार्लिसला विमानतळावर मी सोडलं. निघताना वेंडेलनं तिची बॅग गाडीत ठेवली, झाकण लावलं, आणि हात खिशात घालून उभा राहिला. तो कशाची तरी वाट बघतोय हे मला आरशात दिसत होतं. मार्लिस खिडकीतून म्हणाली, फ्रिजमध्ये हॉटडिशचं भांडं आहे, ओव्हनमध्ये गरम करताना वरचे बटाटे करपवू नकोस. आणि मला निघ म्हणाली.

गाडी उतारावर लागल्यावर मी म्हटलं, "तो नको म्हणाला ते नको नव्हतं, मार्लिस. तुला माहितीये तो कसा आहे ते."

"माहितीये की."

"मग आणखी एकदा विचार ना. मी गाडी वळवतो."

तिनं हातमोजे काढले आणि गाडीतल्या गरम हवेच्या जाळीवर दोन्ही हात धरले. बोटं लाल, पेरं सुपारीसारखी. बराच वेळ धरून बसली.

"बारा हिवाळे तो मला एकदाच विचारत आला," ती म्हणाली. "मी दोनदा विचारलं. माझं जास्तच झालं."

मी गाडी वळवली नाही.

त्यानंतर महिन्याभरानं मी वेंडेलकडे गेलो आणि सवयीनं कोट घालूनच बसलो. पाच मिनिटांत मला घाम फुटला. आधी वाटलं आपल्यालाच ताप आलाय. मग थर्मोस्टॅट बघितला. बहात्तर. घर तापवणारी तळघरातली भट्टी जहाजाच्या इंजिनासारखी धपापत होती. वेंडेल शर्टाच्या बाह्या वर करून बसला होता, आणि त्याचा गळा हिवाळ्यात मी बारा वर्षांत पहिल्यांदा बघत होतो.

मार्लिस नाताळला चार दिवस येईल, तिला बरं वाटेल, तो म्हणाला.

आणि झाडं? मी विचारलं.

झाडांचं काय, पानं धरतील, म्हणाला.

हे मार्लिसला कळवलंस का, असं मी विचारलं, तर तो माझ्याकडे मी त्याला भर चर्चमध्ये गाणं म्हणायला सांगितल्यासारखा बघत राहिला. आली की कळेलच तिला, म्हणाला. घरात पाऊल टाकलं की कळेल.

त्याचं म्हणणं त्याच्या जागी बरोबरच होतं. कळवणं म्हणजे ये म्हणणं झालं असतं. ये म्हणणं म्हणजे मागणं.

नाताळला मार्लिस आली नाही. व्हर्नाच्या खुब्याचं ऑपरेशन निघालं. जानेवारीत येईल म्हणून वेंडेलनं भट्टी तशीच ठेवली. मग फेब्रुवारीत येईल म्हणून. झाडांना कुणी घाबरवलं नाही, त्यामुळे ती फुलली नाहीत. नुसती पानं सोडत सुटली. जाड, चकचकीत, कोबीसारखी. मार्चमध्ये मंडळाचं प्रदर्शन भरतं. त्यात वेंडेलचं टेबल दरवर्षी दारासमोर असतं आणि लोक आधी तिकडे जातात. त्या वर्षी त्यावर फक्त इस्त्री केलेलं टेबलक्लॉथ होतं. वेंडेल कोपऱ्यात कॉफी वाटत होता. आर्डिस त्याच्याजवळ गेली आणि भूमितीच्या आवाजात म्हणाली, एकही नाही? तो म्हणाला, साखर घालू का.

त्या दिवशी घरी आल्यावर मी व्हर्नाच्या घरी फोन लावला आणि मार्लिसला बोलवायला सांगितलं. मागे कुणीतरी बिंगोचे आकडे पुकारत होतं. मी म्हटलं, वेंडेलनं घर गरम केलंय, बहात्तर. तू गेल्यापासून. प्रदर्शनात त्याच्या टेबलावर एक पाकळी नव्हती.

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला आणि आकडे थांबले.

"त्यानं सांगितलं तुला, मला सांगायला?"

"नाही."

"मग तू कशाला सांगतोस?" मग ती जराशी हसली, पण ते पिशव्यांच्या गोष्टीतलं हसणं नव्हतं. "मी होते तेव्हा अठ्ठावन. मी गेले तेव्हा बहात्तर. ह्यावरून मी काय समजायचं, तूच सांग."

हवापाणी विचारून मी फोन ठेवला.

जूनमध्ये ती आली. कर्स्टनच्या मुलीचा शाळेचा शेवटचा समारंभ होता. उतरली कर्स्टनकडे. समारंभाच्या दुसऱ्या दिवशी ती शिवणाचं मशीन व्हर्नाकडे न्यायला म्हणून घरी येणार असल्याचं कर्स्टननं कळवलं, आणि वेंडेलनं मला मशीन उचलायला बोलावलं. मशीन एकट्या माणसाला सहज उचलेल असं होतं. पण त्याला खोलीत तिसरं कुणीतरी हवं होतं, आणि आमच्याकडे असं सांगायची सोय नाही, म्हणून मशीन जड.

दैवानं तो दिवस आमच्या गावाला वर्षातून चारसहाच मिळतात तसला निघाला. वारा जमिनीकडून, सरोवर निळं, सगळ्या घरांच्या खिडक्या सताड उघड्या. भट्टी अर्थातच बंद. वेंडेलनं सगळा हिवाळा ज्या क्षणासाठी इंधन जाळलं, त्या क्षणी त्याचं घर टेकडीवरच्या कुठल्याही घराइतकंच उबदार होतं. मार्लिस आत आली. उन्हानं तांबूस झालेली, बिनबाह्यांच्या फुलाफुलांच्या झग्यात, बोटं मोकळी. दारात तिनं बूट काढले आणि पाहुण्यासारखी पायपुसण्यावर क्षणभर उभी राहिली.

मग तिला कुंड्या दिसल्या. ती खिडकीशी गेली. पोरीच्या केसांत उवा बघाव्यात तशी एकेक पान अंगठ्यानं बाजूला करून बगला तपासू लागली. दांडा येऊन गेला असेल तर कापलेला खुंट उरतो. जुने खुंट वाळून तपकिरी झालेले होते. नवा एकही नव्हता. बारा हिवाळे त्या झाडांबरोबर काढलेल्या बाईला ह्याचा अर्थ माझ्या फोनपेक्षा जास्त कळत होता. ती एक खिडकी संपवून दुसरीकडे गेली, मग झोपायच्या खोलीत गेली. परत आली तेव्हा तिचा आवाज बदललेला होता.

"सगळी अशीच?"

"हो. यंदा काही धरलं नाही," वेंडेल म्हणाला.

"का रे?"

इतक्या मऊपणे तिनं विचारलं की मी खिडकीबाहेर बघायला लागलो. दार उघडून धरलं होतं तिनं त्याच्यासाठी. त्यानं फक्त आत यायचं होतं. तुझ्यासाठी, एवढा एक शब्द. वेंडेलचे कान लाल झाले. मला वाटलं, येतोय, वाफ लागलीये, सुटणार आता.

"काय की," तो म्हणाला. "हवामान असेल."

मार्लिसनं हातातलं पान सोडलं.

वेंडेलनं कॉफी घेणार का विचारलं. ती म्हणाली, नको, कर्स्टन वाट बघतेय. तो म्हणाला, तयार आहे, आत्ताच केलीये. ती म्हणाली, कशाला उगाच. एवढं रीतीप्रमाणे झालं. मी मशीन उचललं, मार्लिस बुटांत पाय घालू लागली. आणि तेव्हा वेंडेल कॉफीचं भांडं हातात घेऊन दारापर्यंत आला आणि त्यानं तिसऱ्यांदा विचारलं. स्वतःच्या बायकोला, स्वतःच्या घरात, माझ्या माहितीत पहिल्यांदा.

"मार्लिस, थोडी तरी घे."

ती वाकलेली होती, बुटाचा बंद बांधत. तशीच थांबली. मग बंद बांधून पुरा केला आणि उभी राहिली.

"नको, वेंडेल," ती म्हणाली. "खरंच नको."

तिसऱ्या नकाराला पुढे काय म्हणायचं ते आमच्या पणजोबांनी शिकवलेलं नाही. वेंडेल भांडं घेऊन उभा राहिला. मी मशीन गाडीत ठेवलं. ते खरंच हलकं होतं.

सप्टेंबरात मला त्याची खिडकी रस्त्यावरून बोटभर उघडी दिसली. ऑक्टोबरात मी त्याच्याकडे गेलो तेव्हा कोट अंगावरच ठेवावा लागला. वर्षभर नुसतं खाऊन पिऊन बसलेली ती झाडं, त्यांना असा एकदम धसका मिळाला. जिथे एक दांडा यायचा तिथे दोन आले, काहींना तीन. फेब्रुवारीत त्या घरात पाऊल ठेवायला जागा नव्हती इतकी फुलं. प्रदर्शनात त्याचं टेबल कमी पडलं म्हणून शेजारचं जोडलं, आणि पहिल्या बक्षिसाची सगळ्यात मोठी निळी फीत त्यालाच मिळाली. वर्तमानपत्रात फोटो आला. फोटोत वेंडेल कोट घालून उभा आहे आणि त्याच्या डोक्याभोवती फुलंच फुलं आहेत. आर्डिसनं मंडळात जाहीर सांगितलं की मधलं वर्ष विश्रांती देण्याची वेंडेलची युक्ती सगळ्यांनी करून बघावी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वेंडेलनं युक्ती आपली असल्याचं दोनदा नाकारलं. तिसऱ्यांदा कुणी विचारलं नाही.

प्रदर्शनानंतर कुंड्या परत न्यायला मी मदत केली. दिवाणखाना भरला, स्वयंपाकघर भरलं. ज्या ओव्हनमध्ये वड्या भाजल्या जायच्या त्याच्यावरही एक ओळ लागली. तरी पाचसहा कुंड्या उरल्या. वेंडेल म्हणाला, ह्या आत. मी त्याच्यामागून झोपायच्या खोलीत गेलो.

पलंगाच्या खिडकीकडच्या, मार्लिसच्या अर्ध्या भागावरची गादी काढून त्यानं फळ्या टाकल्या होत्या. फळ्यांवर उशाकडून पायथ्यापर्यंत कुंड्या, सगळ्या फुललेल्या, माना खिडकीकडे. उरलेल्या अर्ध्यात त्याची अंथरुणाची वळकटी आणि एक लोकरी टोपी. मी हातातल्या कुंड्या कुठे ठेवाव्यात ते बघत उभा राहिलो. त्यानं त्या एकेक घेतल्या आणि मधल्या फटींत नीट बसवल्या.

"उजेड इकडे सगळ्यात चांगला येतो," तो म्हणाला. "इतकी वर्षं नुसता वाया जात होता."

मग आपण काय बोललो ते आपल्याच कानावर पडल्यासारखा तो थांबला, आणि एका कुंडीखालची बशी, जी सरळच होती, ती पुन्हा सरळ करत बसला.